संगणकीय आरेखनातील पृष्ठविभाजन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना : संगणक-साहाय्यित आरेखनात, म्हणजेच कॅडमध्ये, एखाद्या सलग पृष्ठावर रेषा आखून त्याचे स्वतंत्र विभाग करणे ही नित्याची क्रिया आहे. दोन रंगांची सीमा ठरविणे, साच्याचे दोन भाग जुळण्याची रेषा निश्चित करणे, भार पडणारे क्षेत्र मर्यादित करणे या कामांसाठी ती आवश्यक ठरते. पडद्यावर पृष्ठ विभागलेले दिसते. त्याच्या समीकरणात मात्र बहुधा काहीच बदललेले नसते. या विसंगतीची मुळे कॅडच्या इतिहासात आहेत.

पॅचची पद्धत : मोटारीचा बाह्याकार समीकरणांत मांडण्याची रीत फ्रान्समध्ये दोन ठिकाणी स्वतंत्रपणे विकसित झाली : सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये आणि रेनॉ कंपनीत पिअर बेझिए यांनी १९६० च्या दशकात. सित्रोएनने गुप्तता पाळल्यामुळे नाव रूढ झाले ते बेझिए यांचे. अमेरिकेत एमआयटीमधील स्टीव्हन कून्स यांचा या विषयावरील अहवाल १९६७ चा आहे. या पद्धतींत पृष्ठ चार बाजूंच्या पॅचनी रचले जाई, कारण प्रत्येक पॅच ही दोन प्राचलांच्या चौरसाची प्रतिमा असे. त्या चौरसाच्या बाजूंना समांतर कापल्यास बेझिए पॅचचे दोन अचूक पॅच होतात; कास्तेल्जो यांच्या रीतीने ते सहज साधते. मात्र तिरकी किंवा वर्तुळाकार रेषा आखल्यास उरणारे तुकडे चार बाजूंचे राहत नाहीत.

सीमा-निरूपण : यातून वाट निघाली ती १९७० च्या दशकात. केंब्रिज येथे इयान ब्रेड आणि स्टॅनफर्ड येथे ब्रूस बॉमगार्ट यांनी घनाकृती तिच्या सीमांद्वारे नोंदविण्याच्या पद्धती मांडल्या. येथे 'पृष्ठ' आणि 'फलक' असा भेद होतो. पृष्ठ म्हणजे समीकरणाने दिलेला आकार. फलक म्हणजे त्याचा कडांनी वेढलेला भाग. एकाच पृष्ठावर कितीही फलक असू शकतात.

विभाजनानंतर रचना सुसंगत राहिली की नाही, याची कसोटी ऑयलरचे जुने सूत्र देते. घनाला ८ शिरोबिंदू, १२ कडा व ६ फलक असतात; ८ − १२ + ६ = २. वरच्या फलकाच्या समोरासमोरील कडांचे मध्यबिंदू जोडले, तर शिरोबिंदू १०, कडा १५ व फलक ७ होतात. उत्तर पुन्हा २ च येते. त्याऐवजी त्या फलकाच्या मध्यभागी वर्तुळ काढले, तर ९ − १३ + ७ = ३! बाहेरच्या फलकाला आता आतली दुसरी सीमा लाभली आहे. तिच्यासाठी १ वजा केल्यावरच सूत्र जुळते. शालेय वाटणाऱ्या या बेरीज-वजाबाकीवर घनाकृती हाताळणाऱ्या प्रणालींचा बराच डोलारा उभा आहे.

छेदाचा प्रश्न : वक्र पृष्ठांच्या बाबतीत हाच विचार 'ट्रिम्ड' पृष्ठांच्या रूपाने स्थिरावला. मूळ समीकरण अबाधित ठेवायचे आणि प्राचलांच्या प्रतलावर सीमावक्र आखून 'एवढाच भाग ग्राह्य' असे सांगायचे, ही युक्ती सोयीची खरी. परंतु हा सीमावक्र पुष्कळदा दोन पृष्ठांच्या छेदातून मिळवावा लागतो. द्विघनी पॅचच्या बैजिक समीकरणाचा घात १८ पर्यंत जातो, म्हणून अशा दोन पॅचच्या छेदवक्राचा घात १८ × १८, म्हणजे ३२४ असू शकतो. असा वक्र अचूक साठविणे व्यवहार्य नाही. म्हणून तो अंदाजे साठविला जातो, आणि शेजारच्या दोन फलकांमध्ये सूक्ष्म फट राहते. प्रणाली ती ठरावीक मर्यादेपर्यंत 'बंद' मानते. मर्यादा वेगळी असलेल्या दुसऱ्या प्रणालीत तेच प्रतिमान नेले की ते उसवते.

हा केवळ सैद्धांतिक दोष नव्हे. अमेरिकेतील मोटार उद्योगाच्या पुरवठा साखळीत आरेखनाच्या माहितीची देवाणघेवाण नीट न झाल्याने वर्षाला किमान १ अब्ज डॉलरचा भुर्दंड पडतो, असा अंदाज तेथील राष्ट्रीय मानक संस्थेसाठी १९९९ मध्ये झालेल्या अभ्यासात मांडला गेला. उसवलेल्या प्रतिमानांची डागडुजी हा त्यातील एक भाग. १९९४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'स्टेप' या आंतरराष्ट्रीय मानकाने देवाणघेवाण सुलभ केली. पण पृष्ठ व फलक यांतील भेद त्यातही कायम राहिला, आणि त्यासोबत फटही. थॉमस सेडरबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेल्या टी-स्प्लाइनच्या आधारे २००८ मध्ये ही फट पूर्णपणे मिटविण्याची रीत दाखविली. मात्र त्यासाठी छेदरेषेच्या आसपास मूळ पृष्ठाचा आकारच किंचित बदलावा लागतो.