एक हरवलेले पोस्टकार्ड

परदेशांतील दरिद्री खेड्यांत आणि शाळांत सेवेसाठी जाणाऱ्या स्वयंसेवकांचा इतिहास लिहिताना एका साध्या पोस्टकार्डाचा उल्लेख टाळता येत नाही.

राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी १ मार्च १९६१ रोजी ‘पीस कोअर’ची स्थापना केली. स्वयंसेवकाने दोन वर्षे परक्या देशात राहावे, तेथील भाषा शिकावी आणि अल्प निर्वाहभत्त्यावर काम करावे, अशी ही योजना होती. ३० ऑगस्ट १९६१ रोजी ५१ शिक्षकांची पहिली तुकडी घानाच्या राजधानीत, आक्रा येथे उतरली. तेथे त्यांनी ट्वी भाषेतील गीत गाऊन यजमानांची मने जिंकली.

नायजेरियात मात्र निराळेच घडले. तो देश स्वतंत्र होऊन जेमतेम एक वर्ष झाले होते. शाळांत शिकविण्यासाठी आलेली तुकडी इबादान येथील विद्यापीठात प्रशिक्षण घेत होती. त्यातील एका तरुणीने ऑक्टोबरमध्ये मायदेशी धाडण्यासाठी एक कार्ड लिहिले. येथील लोक रस्त्यावरच राहतात, रस्त्यावरच रांधतात, असे त्यात होते; घाणीचेही वर्णन होते. टपालात पडण्यापूर्वीच ते कार्ड हरवले आणि एका विद्यार्थ्याच्या हाती लागले. त्याच्या प्रती वाटल्या गेल्या, निषेधाची सभा भरली आणि त्या तरुणीला परतावे लागले.

तिने लिहिले ते सर्वस्वी खोटे होते, असे नाही. तिच्या मनात दुष्टावाही नसावा. परंतु आपले दैन्य दुसऱ्याच्या पत्रातील नवलाचा विषय व्हावे, हे नुकत्याच स्वतंत्र झालेल्या तरुणांना कसे रुचावे? स्वयंसेवकांची पथके नायजेरियात पुढेही येत राहिली, हा त्या देशाचा मोठेपणाच होय.

आपल्या मुंबईतील विक्रोळीतही १९६६ साली अशीच एक स्वयंसेविका आली. वय ६८, व्यवसाय परिचारिकेचा, नाव लिलियन कार्टर. त्यांनीही घरी पत्रे लिहिली. त्यांचे चिरंजीव जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष झाले त्याच वर्षी, १९७७ साली, ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. दारिद्र्य त्यांनीही पाहिले. पण सुमारे दोन वर्षे रुग्णांच्या सहवासात राहून पाहिले.

बदलीच्या नोकरीत नव्या गावाहून घरी धाडलेली माझी पहिली पत्रे आठवली, की मला त्या तरुणीला दोष देववत नाही. तेथील पाणी, तेथील धूळ, तेथील माणसे, सारे मी दोन दिवसांत निकालात काढले होते! आज आपल्या मंडळातील मुलेही दूरदेशी सेवेला जाऊ लागली तर त्यांना एवढेच सांगावे: ज्यांच्याविषयी लिहाल, त्यांना वाचून दाखविता येईल असेच पत्र लिहा.