मराठा शस्त्रांचा संग्रह आणि वर्गीकरण

१८१८ मध्ये पेशवाईचा अंत झाल्यावर पुण्यातील वाड्यांमधल्या शस्त्रांना रणांगणावर काही काम उरले नाही, आणि १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्याचे बंधन घातल्यावर तर ती बाळगणे हीच अडचण होऊन बसली. तरीही खंडेनवमीच्या पूजेमुळे अनेक घराण्यांत एखादी तलवार वा कट्यार टिकून राहिली. शस्त्र टिकले, पण ते कोणी घडवले आणि कोणत्या मोहिमेत वापरले ही माहिती बहुधा टिकली नाही. संग्राहकापुढची खरी अडचण हीच असते.

भारतीय शस्त्रांची पद्धतशीर सूची प्रथम लंडनमध्ये तयार झाली. तेथील इंडिया म्युझियममधील शस्त्रांवर विल्ब्रहम एगर्टन यांनी १८८० मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला आणि शस्त्रांची मांडणी मुख्यतः प्रदेशानुसार केली. मलय आणि जावा प्रदेशातील क्रिस या कट्यारीचे अभ्यासक मात्र एकाच शस्त्राचे भाग सुटे करून पाहतात: पाते सरळ की नागमोडी, नागमोडी असल्यास वळणे किती (ती नेहमी विषम असतात), आणि वेगवेगळ्या धातूंचे थर एकत्र ठोकल्याने पात्यावर उमटलेली ‘पामोर’ ही नक्षी कोणत्या प्रकारची. मूठ आणि म्यान यांचा विचार ते स्वतंत्रपणे करतात, कारण जुन्या पात्याला नवी मूठ बसवण्याची चाल तेथे रूढ आहे. मराठ्यांच्या बिचव्याचे दुहेरी बाकाचे पाते पाहून क्रिसची आठवण होते, पण तेवढ्या साम्यावरून दोहोंचे नाते जोडणे धाडसाचे ठरेल.

मराठा तलवारींना हीच सुट्या भागांची पद्धत अधिक लागू पडते. फिरंग म्हणजे युरोपीय, बहुधा सरळ पात्याची तलवार. तिचे पाते बंदरांतून येई आणि मूठ मात्र देशी कारागीर चढवीत. अशा तलवारीची मूठ निरखली, तर हाताचे रक्षण करणारी परज, तिच्या वरची तबकडीसारखी कटोरी आणि टोकाचा मोगरा हे भाग वेगवेगळे ओळखता येतात. पात्यावरून एक देश आणि मुठीवरून दुसरा देश सांगणारी ही वस्तू प्रदेशाच्या एकाच कप्प्यात कशी बसणार?

पुण्यात या वस्तूंना हक्काचे घर मिळाले ते दिनकर गंगाधर केळकर यांच्यामुळे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी १९२० च्या सुमारास संग्रहास आरंभ केला, अकाली निवर्तलेल्या मुलाचे, राजाचे, नाव संग्रहालयाला दिले आणि सुमारे २०,००० वस्तूंचा हा ठेवा १९७५ मध्ये राज्य शासनाच्या स्वाधीन केला. शुक्रवार पेठेतील या संग्रहालयात शस्त्रांच्या सोबतीला अडकित्ते, दिवे आणि वाद्येही आहेत, आणि ही सरमिसळ हेच त्याचे मोठेपण मानले पाहिजे. कारण शस्त्र हे घरातल्या धातुकामाचेच एक अंग होते, हे तेथे सहज कळते.

नोंद शाबूत असली की वर्गीकरण किती सोपे होते, याचे अलीकडचे उदाहरण म्हणजे महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून मिळवलेली नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार. तिचे पाते युरोपीय बनावटीचे आहे, मूठ मुल्हेरी घाटाची आहे, आणि पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघूजींचे नाव, ‘सेनासाहेब सुभा’ हा त्यांचा किताब आणि ‘फिरंग’ हा तलवारीचा प्रकार, असे तिन्ही तपशील कोरलेले आहेत.