हौशी कोण?

मराठीत 'हौशी' हा शब्द कौतुकाचा आहे. हौशी रंगभूमी म्हटले की दिवसभर कचेरीत खर्डेघाशी करून रात्री तालमीला जाणारी माणसे डोळ्यांपुढे येतात. इंग्रजी 'अ‍ॅमॅच्युअर'चे मूळही प्रेम करणे या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. परंतु क्रीडेच्या इतिहासात या शब्दाने प्रेमापेक्षा पहारेकऱ्याचे काम अधिक केले. इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये 'जंटलमन' आणि 'प्लेअर्स' यांच्यातला भेद 1962 पर्यंत टिकला, हे आपल्याकडच्या क्रिकेटरसिकांना ठाऊक असते. घोडेस्वारीतली हकिगत त्याहून विलक्षण आहे.

ड्रेसाज हा घोडेस्वारीतला सर्वांत संथ आणि सर्वांत अवघड प्रकार. यात शर्यत नाही, अडथळे नाहीत. 20 बाय 60 मीटरच्या रिंगणात ठरलेल्या जागी ठरलेली चाल बदलायची. कधी जागच्या जागी दुडकी, कधी तिरपी चाल. प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण. स्वार काही करतो आहे हे दिसताच कामा नये, अशी अपेक्षा. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकपासून हा प्रकार तेथे रुजला, तो घोडदळाच्या अधिकाऱ्यांचा खेळ म्हणूनच. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या नियमांनुसार सनदी अधिकारी आणि 'सद्‌गृहस्थ' तेवढे हौशी. सार्जंट मात्र व्यावसायिक. का, तर तो घोड्यांवर पोट भरतो! घोडदळाचा कॅप्टन कशावर पोट भरत होता, हा प्रश्न नियम करणाऱ्यांना पडलेला दिसत नाही.

1948 साली लंडन ऑलिंपिकमधली ही स्पर्धा अल्डरशॉटच्या लष्करी ठाण्यात झाली. स्वीडनच्या संघाने सांघिक सुवर्णपदक जिंकले. संघात तिघे होते: आंरी सँ सीर, गुस्ताफ आडोल्फ बोल्टेनस्टर्न आणि क्नाउस्ट नावाच्या घोड्यावर गेनेल पेर्सन. पेर्सन वैयक्तिक क्रमवारीत सहावा आला. पुढे उघड झाले, की तो मूळचा सार्जंट. ऑलिंपिकच्या तोंडावर त्याला लेफ्टनंट करण्यात आले होते आणि स्पर्धा आटोपल्यावर काही आठवड्यांतच त्याला पुन्हा सार्जंट केले गेले. 1949 मध्ये महासंघाने त्याला अपात्र ठरवले, संघाचे पदक काढून घेतले आणि सुवर्ण फ्रान्सकडे गेले.

येथे स्वीडनच्या लष्कराची बाजू घेण्याचे कारण नाही. पदकापुरती बढती द्यायची आणि काम झाले की ती काढून घ्यायची, ही वागणूक नियमभंगापेक्षाही क्षुद्र आहे. पण नियमाचे काय? पेर्सनच्या मांडीत, लगामावरच्या हातात, घोड्याच्या चालीत परीक्षकांना जे दिसले होते ते 1949 मध्ये बदलले नव्हते. बदलले ते एवढेच, की त्याच्या खांद्यावर काय होते हे कळले.

मराठ्यांच्या फौजेतही स्वारांमध्ये प्रतवारी होती. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार, सरकारी पागेतला घोडा वापरणारा तो बारगीर. शिलेदाराचा मान मोठा. पण हा भेद उघड उघड मालकीचा होता. दोघेही मोबदला घेऊनच लढत आणि त्या मोबदल्याला कोणी हौस म्हणत नसे.

पेर्सन-प्रकरणाची चर्चा झाली आणि नियम सैल झाले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचे रिंगण कनिष्ठ हुद्द्यांच्या सैनिकांना आणि त्याबरोबरच स्त्रियांना खुले झाले. चार स्त्रिया उतरल्या. त्यांपैकी डेन्मार्कची लिस हार्टेल हिला 1944 मध्ये, गरोदर असताना, पोलिओ झाला होता. गुडघ्यांखाली पायांत जीव राहिला नव्हता. घोड्यावर चढताना-उतरताना इतरांनी आधार द्यावा लागे. घोडेस्वारीत टाचेचा आणि पोटरीचा इशारा म्हणजे निम्मी भाषा. ती भाषाच हरवलेली ही बाई, शरीराच्या भाराच्या बारीक बदलांतून जुबिली या घोडीशी बोलत राहिली आणि तिने रौप्यपदक मिळवले. सुवर्ण सँ सीरचे होते. त्यानेच तिला हात देऊन विजयमंचावर चढवले. त्या छायाचित्राचे कौतुक पुष्कळ होते, आणि ते रास्तही आहे. मात्र चारच वर्षांपूर्वी तिला या स्पर्धेत प्रवेशच नव्हता, हे सहसा कोणी सांगत नाही. 1956 मध्ये तिने पुन्हा रौप्य मिळवले.

उडीच्या स्पर्धेत स्त्रियांना 1956 मध्ये आणि तीन दिवसांच्या संयुक्त स्पर्धेत 1964 मध्ये प्रवेश मिळाला. ड्रेसाजचे वैयक्तिक सुवर्ण एका स्त्रीने प्रथम जिंकले ते 1972 मध्ये, पश्चिम जर्मनीच्या लीझेलॉट लिन्सेनहोफने. 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने या प्रकारात सांघिक सुवर्ण मिळवले. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता, दोन मुली होत्या आणि सैनिक एकही नव्हता.

पेर्सन, सँ सीर आणि बोल्टेनस्टर्न हे त्रिकूट हेलसिंकीत पुन्हा एकत्र उतरले आणि जिंकले. 1956 मध्येही तेच तिघे, तेच सुवर्ण. 1948 च्या अधिकृत नोंदीत मात्र आजही फ्रान्सचेच नाव आहे.