बर्फावरचा निकाल आणि पडद्यामागचे परीक्षक

आज ज्या खेळाबद्दल बोलायचं आहे तो आपल्यापैकी बहुतेकांनी टीव्हीवरच पाहिलाय. बर्फ, संगीत, चकचकीत पोशाख, गिरक्या आणि शेवटी प्रशिक्षकाशेजारी बाकावर बसून गुणांची वाट बघणारा तो धापा टाकणारा चेहरा. फिगर स्केटिंग. आम्ही या खेळाचे चाहते आहोत हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे आवाज चढला तर तुम्ही समजून घ्याल.

धावण्याच्या शर्यतीत घड्याळ निकाल देतं. इथे निकाल माणसं देतात. त्यामुळे या खेळाचा इतिहास म्हणजे उड्यांचा इतिहास जेवढा आहे, तेवढाच परीक्षकांच्या टेबलाचाही आहे. तक्रारही जुनीच. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये स्केटिंग पहिल्यांदा आलं आणि भांडणही त्याच वर्षी आलं. रशियाचे निकोलाय पानिन पुरुषांच्या स्पर्धेतून मध्येच बाहेर पडले. परीक्षक स्वीडनच्या उलरिक साल्खोव यांच्या बाजूचे आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. साल्खोव जिंकले. पानिन यांनी बर्फावर अवघड नक्षी कोरण्याच्या वेगळ्या प्रकारात सुवर्ण मिळवलं, ते रशियाचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण.

पण खरी गोष्ट सुरू होते १९२७ साली, ओस्लोमध्ये. महिलांची जागतिक स्पर्धा. एका बाजूला ऑस्ट्रियाची हेर्मा साबो, १९२२ ते १९२६ सलग पाच वेळा जगज्जेती, १९२४ ची ऑलिंपिक विजेती. दुसऱ्या बाजूला नॉर्वेची सोन्या हेनी, वय वर्षं चौदा. परीक्षक पाच. एक ऑस्ट्रियन, एक जर्मन आणि तीन नॉर्वेजियन. हो, तीन! निकाल काय लागला असेल हे सांगायला ज्योतिषी नको. तिघांनी हेनीला पहिलं ठेवलं, दोघांनी साबोला. तीन विरुद्ध दोन.

आता गंमत बघा. हेनी हे धरून सलग दहा जागतिक अजिंक्यपदं आणि तीन ऑलिंपिक सुवर्णं जिंकली. ती थोर होती यात वादच नाही. पण ते पहिलं अजिंक्यपद तिनं जिंकलं की तिला देण्यात आलं, हा प्रश्न आज शंभर वर्षांनीही सुटलेला नाही, आणि तो सुटणारही नाही. पक्षपाताचं हेच वाईट. हरणाऱ्याचं तर नुकसान होतंच, पण जिंकणाऱ्याचाही विजय कायमचा डागाळतो.

ओस्लोनंतर आंतरराष्ट्रीय संघटनेनं नियम केला: एका देशाचा एकच परीक्षक. आपल्याला हे ऐकून क्रिकेट आठवेल. ‘घरचे अंपायर’ हा शब्द आपल्या घराघरात होता. १९८६ साली लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडीज कसोटीत इम्रान खानच्या आग्रहावरून त्रयस्थ अंपायर उभे राहिले. त्यातले एक होते आपल्या मुंबईचे पिलू रिपोर्टर, दुसरे व्ही. के. रामस्वामी. म्हणजे क्रिकेटनं हा विचार गंभीरपणे करेपर्यंत स्केटिंगला नियम करून जवळजवळ साठ वर्षं झाली होती.

पण त्रयस्थ अंपायर म्हणजे दोन्ही देशांबाहेरचा माणूस. स्केटिंगनं ते केलं नाही. तिथे खेळाडूच्या देशाचा परीक्षक टेबलावर बसूच शकतो, फक्त एकटा. मग एकट्यानं काय करायचं? शेजारी शोधायचे. तुम्ही आमच्या जोडीला हात द्या, आम्ही तुमच्या नर्तकांना देतो. शीतयुद्धाच्या काळात तर गटच पडलेले होते. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या परीक्षक जीन सेंफ्ट यांनी युक्रेनच्या युरी बाल्कोव यांचा फोन ध्वनिमुद्रित केला. त्यात बाल्कोव स्पर्धेआधीच क्रम सांगत होते. बाल्कोव यांना एक वर्षाची बंदी झाली. १९९९ मध्ये हेलसिंकीला एक रशियन आणि एक युक्रेनियन परीक्षक टेबलाखाली पायानं खुणा करताना कॅमेऱ्यात सापडले. बाल्कोव हे नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

आता येऊ २००२ वर, सॉल्ट लेक सिटी. जुनी पद्धत थोडी समजून घ्यायला हवी, नाहीतर सगळा घोळ कळणार नाही. सहापैकी गुण असत: एक तंत्राला, एक सादरीकरणाला. पण ते गुण एकत्र करून सरासरी काढत नसत. प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून फक्त त्याचा क्रम ठरायचा, त्याच्या मते पहिलं कोण, दुसरं कोण. आणि मग बहुमत. म्हणजे गुणफलक हा खरं तर मतपेटीच होता. नऊ मतं, पाच मिळाली की जिंकलात.

रशियाची येलेना बेरेझनाया आणि अंतोन सिखारुलीद्झे ही जोडी. अंतोन एका उडीनंतर अडखळला. कॅनडाच्या जेमी सॅले आणि डेव्हिड पेल्टिए यांनी स्वच्छ कार्यक्रम केला. प्रेक्षक उभे राहिले. निकाल: पाच विरुद्ध चार, रशिया. रशिया, चीन, पोलंड, युक्रेन आणि फ्रान्स एका बाजूला. कॅनडा, अमेरिका, जर्मनी, जपान दुसऱ्या. फ्रान्सच्या परीक्षक मारी-रेन ल गून्य यांनी आधी सांगितलं की आपल्यावर आपल्याच संघटनेच्या अध्यक्षांचा दबाव होता, बदल्यात बर्फनृत्यात फ्रेंच जोडीला मत मिळणार होतं. पुढे त्यांनी ते विधान मागे घेतलं. दोघांनाही तीन वर्षांची बंदी झाली आणि कॅनडाच्या जोडीला दुसरं सुवर्ण देण्यात आलं.

आमचं मत विचाराल तर, दोन सुवर्णं देऊन न्याय झाला असं आम्हाला वाटत नाही. रशियन जोडीचा कार्यक्रम अधिक गुंतागुंतीचा होता, त्यांच्या बाजूनं प्रामाणिकपणे मत देणारा परीक्षक असू शकत होता. बेरेझनायाला १९९६ मध्ये सरावात आधीच्या जोडीदाराच्या स्केटचं पातं डोक्यात लागलं होतं. तिला बोलणंसुद्धा पुन्हा शिकावं लागलं. तिथून ती ऑलिंपिक सुवर्णापर्यंत आली, आणि जगाला काय आठवतं? लफडं.

यानंतर संघटनेनं जुनी पद्धत मोडीत काढली. नवी आली २००४ पासून. प्रत्येक उडीला, गिरकीला ठरलेली किंमत. परीक्षकांनी त्यावर अधिक-उणे द्यायचं. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा गुण गाळायचा. हिशोब म्हणून हे आम्हाला आवडतं. निदान पोरीला कळतं तरी की गुण कुठे गेले. पण त्याच दमात संघटनेनं आणखी एक गोष्ट केली: परीक्षकांचे गुण निनावी केले. टेबलावर कोण बसलंय ते जाहीर, पण कुठला आकडा कुणाचा ते गुप्त. युक्तिवाद असा की नाव कळलं नाही तर परीक्षकावर त्याचा देश दबाव आणू शकणार नाही.

म्हणजे चोरी होते म्हणून दिवे मालवले! डार्टमथ कॉलेजचे अर्थशास्त्रज्ञ एरिक झिट्झेवित्झ यांनी या काळातले गुण तपासले, आणि आपल्या देशाला झुकतं माप देण्याची सवय निनावीपणानंतर कमी न होता वाढलेली त्यांना दिसली.

आणि मग २०१४, सोची. दक्षिण कोरियाची किम यूना, आधीची ऑलिंपिक विजेती, पहिल्या फेरीत ७४.९२ गुणांनी पुढे. यजमान रशियाची अदेलिना सोत्निकोवा ७४.६४. दुसऱ्या फेरीत किमनं एकही ठळक चूक केली नाही. सोत्निकोवाची एक उतरणी डळमळली, पण तिच्या उड्या जास्त अवघड होत्या. शेवटी २२४.५९ विरुद्ध २१९.११. तांत्रिक गुणांत सोत्निकोवा पुढे असावी हे आम्ही मान्य करू. पण कलात्मक गुणांत ती किमच्या जवळपास बरोबरीला कशी पोचली, हे आम्हाला आजही कुणी समजावून सांगितलेलं नाही.

टेबलावर कोण होतं? रशियन संघटनेच्या महासंचालकांची पत्नी. आणि तेच, बंदी भोगून परतलेले, बाल्कोव. त्यांनी काही गैर केलं का? सांगता येत नाही. त्यांनी किती गुण दिले तेच आपल्याला माहीत नाही. प्रामाणिकपणे दिले असतील तर ते सिद्ध करायची सोय त्यांनाही नाही. चौकशीच्या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या, कोरियाची तक्रार फेटाळली गेली. किम शांतपणे रौप्य घेऊन घरी गेली.

२०१६ मध्ये दुब्रोवनिकच्या अधिवेशनात निनावी पद्धत रद्द झाली. आता गुणपत्रिकेत प्रत्येक परीक्षकाच्या नावापुढे त्याचे आकडे असतात. स्पर्धा संपली की आम्ही चाहते आधी ती पत्रिका उघडतो आणि परीक्षकाचा देश व खेळाडूचा देश जुळतो तो रकाना शोधतो. तिथला आकडा बाकीच्यांपेक्षा वर दिसतो, बऱ्याचदा दिसतो. परीक्षकांची नावं आजही त्यांच्या त्यांच्या देशाची संघटनाच पाठवते.