शेतात जुन्या भाल्याचे पाते सापडले तर काय करावे?

माजरी हे चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातले कोळसा खाणींचे गाव. खाणी इंग्रजी काळानंतर वाढल्या, पण विदर्भाची लोखंडाशी ओळख फार जुनी आहे. नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, तर माहुरझरीच्या शिलावर्तुळांत लोखंडी हत्यारे आणि घोड्यांचे अवशेष मिळाले. ही स्थळे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील आहेत. त्यामुळे या भागात नांगरताना वर आलेले गंजलेले पाते दीडशे वर्षांचे असू शकते किंवा अडीच हजार वर्षांचेही.

वय कसे ओळखतात?

नुसत्या आकारावरून वय ठरत नाही. पाते दांड्याला कसे बसवले होते, हे आधी पाहतात. काहींना दांडा बसवण्यासाठी पोकळ नळी असते, तर काहींना दांड्यात ठोकायची शेपटी. अनेक युरोपीय पात्यांच्या नळीपासून दोन लोखंडी पट्ट्या खाली येतात. दांडा वाराने तुटू नये म्हणून त्या खिळ्यांनी ठोकत. संगीन आल्यावर सतराव्या शतकाच्या अखेरीस युरोपच्या पायदळातून लांब भाले मागे पडले. एकोणिसाव्या शतकात शोभेसाठी त्यांच्या नकला बनल्या, म्हणून संग्राहकांचीही फसगत होते.

गंज का घासू नये?

पात्याचा मूळ पृष्ठभाग अनेकदा गंजाच्या थरातच टिकून असतो. दांड्याच्या लाकडाचे किंवा कापडाचे ठसेही त्यातच राहतात. लिंबू, चिंच किंवा घासकागद लावला की हा पुरावा कायमचा जातो.

कायदा काय सांगतो?

१८७८ च्या भूमिगत निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. मालक न मिळाल्यास आणि शेतमालकाशी वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश हिस्सा शोधणाऱ्याचा, उरलेला शेतमालकाचा. न कळवणाऱ्याचा हक्क जातो आणि शिक्षाही होऊ शकते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे जुनी अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही आणि तिच्या व्यापाराला परवाना लागतो.

लगेच काय करावे?

आणखी खणू नये. जागेवरच मोजपट्टी ठेवून फोटो काढावा, गट क्रमांक आणि खोली लिहून ठेवावी. पाते कोरड्या डब्यात ठेवून तहसील कार्यालयात माहिती द्यावी. कुठे सापडले हे हरवले, तर तज्ज्ञालाही त्यातून फारसे सांगता येत नाही.