चौसष्टपट दंडाचा देखावा

मनुस्मृतीवर टीका केली की तिचे समर्थक आठव्या अध्यायातील श्लोक ३३७ व ३३८ पुढे करतात. जाणूनबुजून चोरी करणाऱ्या शूद्राला आठपट, वैश्याला सोळापट, क्षत्रियाला बत्तीसपट आणि ब्राह्मणाला चौसष्टपट दोष! मग मनू पक्षपाती कसा, असा त्यांचा सवाल असतो.

आम्ही म्हणतो, तोच अध्याय शेवटपर्यंत वाचा. श्लोक ४१७ सांगतो की ब्राह्मणाने शूद्राचे धन निःशंकपणे घ्यावे, कारण शूद्राच्या मालकीचे काहीच नसते. म्हणजे शूद्राला लुबाडणे ही चोरीच ठरत नाही. मग चौसष्टपट कशाची? शून्याची चौसष्टपट शून्यच!

आता शिवीगाळीचे पाहा. ब्राह्मणाने शूद्राला शिवी दिली तर दंड १२ पण (श्लोक २६८). शूद्राने द्विजाला शिवी दिली तर त्याची जीभ छाटायची (श्लोक २७०). ब्राह्मणाने कोणतेही पाप केले तरी त्याचा वध करायचा नाही. इजा न करता, धनासह देशाबाहेर पाठवायचे (श्लोक ३८०).

वरवर विसंगती दिसते, पण सूत्र एकच आहे : गुन्हा कोणता यापेक्षा तो कोणी आणि कोणाविरुद्ध केला, हे आधी पाहायचे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले, ते हे सूत्र नाकारण्यासाठी. संविधानाच्या कलम १४ ने कायद्यापुढे सर्वांना समान ठरवले.

म्हणून मित्रांनो, कोणी एखादा श्लोक तोंडावर फेकला, तर त्याच्यासमोर अख्खा अध्याय उघडा.