स्पंदित लेसर प्रक्रिया, द्रवातील

द्रवात बुडविलेल्या घन पदार्थाच्या पृष्ठावर लेसरचे अत्यल्पकालीन तीव्र स्पंद पाडून नवे पदार्थ तयार करण्याची पद्धत. तिचा आरंभ सामान्यतः पुणे विद्यापीठातील (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) भौतिकीविज्ञांच्या संशोधनापासून मानला जातो.

थीओडोर मायमन यांनी १९६० मध्ये अमेरिकेत बनविलेला पहिला लेसर माणकाचा व स्पंदित होता. अशा स्पंदाने धातूचा पृष्ठभाग क्षणार्धात वितळतो. असे प्रयोग बहुधा निर्वातात किंवा वायूत करीत. पुण्यातील पी. पी. पाटील, एस्. बी. ओगले, व्ही. जी. भिडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र लोखंड पाण्यात ठेवून त्यावर माणिक लेसरचे स्पंद पाडले. फिजिकल रिव्ह्यू लेटर्स या नियतकालिकात १९८७ मध्ये हे कार्य प्रसिद्ध झाले.

स्पंद पडताच लोखंडाचा पातळ थर वितळतो व काही अंशी त्याची वाफ होते. लगतच्या पाण्याचे अपघटन होऊन मिळणारा ऑक्सिजन वितळलेल्या लोखंडाशी संयोग पावतो. स्पंद संपल्यावर खालचा थंड धातू व वरचे पाणी उष्णता इतक्या वेगाने शोषून घेतात की, अणूंना समतोल रचना घेण्यास अवधी मिळत नाही. त्यामुळे एरवी न टिकणारी मितस्थायी ऑक्साइडे पृष्ठावर गोठून राहतात. लोहार तापलेल्या पात्याला पाणी देतो, त्यामागील तत्त्वही शीघ्र शीतनाचेच होय. येथे मात्र पाणी शीतकाबरोबरच विक्रियाकारकही असते. हे थर अतिशय पातळ असल्याने त्यांच्या परीक्षणासाठी मॉसबाउअर परिणामासारख्या सूक्ष्म पद्धतींचा आधार घ्यावा लागला [→ मॉसबाउअर परिणाम].

ओगले, मालशे, कानेटकर व क्षीरसागर यांनी १९९२ मध्ये बेंझिनात बुडविलेल्या ग्रॅफाइटावर हीच क्रिया करून हिऱ्याचे सूक्ष्मकण मिळविल्याचे जाहीर केले.

पुण्यातील मूळ प्रयोगाचा रोख लोखंडावरील थराकडे होता. द्रवात उडून गेलेल्या द्रव्याकडे नव्हता. पुढे महत्त्व आले ते या द्रव्यालाच. १९९३ पासून जर्मनी व अमेरिकेत या रीतीने धातूंचे कलिल विद्राव बनविण्यात येऊ लागले. त्यांसाठी क्षपणकारक रसायने लागत नाहीत. म्हणून सोन्याच्या कणांचा पृष्ठभाग स्वच्छ राहतो व त्यावर प्रथिने थेट जोडता येतात. उत्पादनाचे अल्प प्रमाण व कणांच्या आकारमानातील विषमता या पद्धतीच्या मोठ्या अडचणी होत.